‘आणि एक गॅसची गोळी दे गे’

माझं मेडिकल आहे, बेळगावपासनं पंधरा-सोळा किलोमीटर पश्चिमेला. गावाचं नाव नको, पण रताळी आणि भाताचा पट्टा म्हटलं की इकडच्या लोकांना अंदाज येईल. संध्याकाळची बस आली की त्यातनं उतरलेल्या बायका घरी जायच्या आधी दुकानात येतात, पिशवीतनं घडी घातलेला कागद काढतात, सासऱ्याच्या बीपीच्या गोळ्या, नवऱ्याची शुगरची, पोराचं खोकल्याचं औषध, कुठली गोळी जेवायच्या आधी आणि कुठली नंतर हे उलट मलाच शिकवतील एवढं सगळं पाठ असतं त्यांचं. आणि पैसे देऊन झाल्यावर, पायरी उतरता उतरता मागं वळून म्हणतात, "आणि एक गॅसची गोळी दे गे."

ती शेवटची गोळी तिची स्वतःची असते.

दोन वर्षांमागची गोष्ट, जुलै महिना, रोप लावणीचे दिवस. आमच्या गल्लीतल्या काकू, वय पंचावन्नच्या आसपास, दुपारी तीनला शेतातनं सरळ दुकानात आल्या. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. म्हणाल्या, "सकाळपासनं कसंतरीच व्हायलंय बघ, पाठ भरून आल्यागत वाटायलीय, मळमळायला पण लागलंय, रात्रीचं भरीत बाधलं वाटतं." मी विचारलं छातीत दुखतंय का, तर म्हणाल्या, "दुखत नाही गे, नुसतं जड जड." बाहेर धो धो पाऊस, हुडहुडी भरेल असली हवा, आणि काकूंच्या कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. पावसाचं पाणी नव्हतं ते, पदरानं पुसलं की परत येत होतं. मी ते बघितलं, आणि बघूनसुद्धा गॅसची गोळी दिली.

काकू घरी गेल्या, गोळी घेतली, भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. रात्री अकराला धाप लागायला लागली तरी "सकाळी बघू" म्हणाल्या आणि पहाटे शेवटी गाडी करून बेळगावला नेलं. तिथं डॉक्टर म्हणाले अटॅक कालच येऊन गेलाय. काकू वाचल्या, पण हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा कायमचा गेला, आता विहिरीवरनं एक घागर आणताना दोनदा टेकतात.

तेव्हापासनं मी या विषयाच्या मागं लागले. डॉक्टर नाही मी, फार्मसीचा डिप्लोमा आहे फक्त, पण वाचून आणि ओळखीच्या डॉक्टरांचं डोकं खाऊन जेवढं समजलं तेवढं माझ्या भाषेत लिहितेय.

आधी हृदय काम कसं करतं ते बघू. मुठीएवढा स्नायूचा पंप, दिवसाला साधारण एक लाख ठोके. सगळ्या अंगाचं रक्त त्याच्यातनं जातं पण त्या आतल्या रक्तातनं त्याचं स्वतःचं पोट भरत नाही, त्याला स्वतःसाठी वेगळ्या रक्तवाहिन्या लागतात, मुख्य अशा तीन, हृदयाच्या बाहेरच्या अंगावरनं वेलीसारख्या पसरलेल्या. आता गंमत बघा, हृदयातनं जी मोठी महाधमनी निघते तिच्या अगदी पहिल्या फांद्या या हृदयाकडेच वळतात. मेंदू नंतर, हात नंतर, पाय तर फारच नंतर. म्हणजे हृदय आधी स्वतःला वाढून घेतं आणि मग गावाला वाढतं, आणि तेही दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, कारण आकुंचन पावताना त्याच्या स्नायूतल्या वाहिन्या दाबल्या जातात, सैल पडलं की रक्त आत शिरतं. आमच्याकडं घराघरात याच्या बरोबर उलटं चालतं, बाई सगळ्यात शेवटी जेवणार आणि विश्रांती म्हणजे काय ते आजारी पडल्यावर बघणार. हे समजलं तेव्हा मला जरा हसूच आलं.

या तीन वाहिन्यांच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर बसत जातो. बीपी, शुगर, तंबाखू, धूर यांनी आतलं अस्तर खरखरीत होत जातं आणि थर बसायला जागा मिळते. बऱ्याच जणांना वाटतं थर वाढत वाढत जाऊन एक दिवस नळी पूर्ण बुजते आणि अटॅक येतो. तसं दर वेळी नसतं, बऱ्याचदा थर अर्धवटच असतो पण तो फुटतो किंवा त्याच्यावरचं अस्तर खरवडलं जातं, तिथं रक्ताची गुठळी धरते आणि ती गुठळी काही मिनिटांत वाट बंद करते. म्हणून काल धडधाकट रोप लावणारी बाई आज आडवी पडते. वाट बंद झाली की पुढचा स्नायू उपाशी पडतो, मिनिटामिनिटाला मरत जातो, आणि मेलेला स्नायू परत उगवत नाही. काकूंचे ते दुपारचे तीन ते पहाटेचे तास, त्यात हेच चाललं होतं.

बायकांच्यात आणखी एक भानगड असते. मोठ्या तीन वाहिन्या स्वच्छ असतात पण त्यांच्या पुढच्या केसासारख्या बारीक वाहिन्या नीट उघडत नाहीत. अँजिओग्राफीत, म्हणजे वाहिन्यांचा फोटो काढतात त्यात, दिसतात त्या मोठ्या वाहिन्या, बारीक दिसतच नाहीत. मग रिपोर्ट येतो नॉर्मल, घरचे म्हणतात उगीच पैसे घालवले, आणि बाईच्या कपाळावर शिक्का बसतो की हिला नाटकं करायची सवय आहे, टेन्शन घेते, मनाचं आहे सगळं. अँजिओग्राफी नॉर्मल आली आणि चढ चढताना छाती परत परत आवळत असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून पुढं काय करायचं ते विचारायचं, गप्प बसायचं नाही.

आता लक्षणं. यातसुद्धा एक चुकीची समजूत हल्ली मोबाईलवर फिरते, की बायकांना छातीत दुखतच नाही म्हणे. तसं नाहीय, बायकांतही सगळ्यात जास्त वेळा दिसणारं लक्षण छातीचंच आहे. फरक असा की त्याच्या जोडीला बाकीचं लटांबर जास्त असतं, धाप, मळमळ, उलटी, जबड्यात नाहीतर मानेत दुखणं, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीत, गार घाम, आणि अंगातलं त्राण कुणीतरी काढून घेतल्यासारखा थकवा. आणि दुसरा फरक भाषेचा. सिनेमात हिरोचा बाप छाती धरून कोसळतो, ते दुखणं आपल्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात बाई "दुखतंय" म्हणतच नाही, ती म्हणते दडपल्यागत, आवळल्यागत, भरून आल्यागत, जड, घाबरं व्हायलंय, जीव नको नको व्हायलाय. काकूंनी मला सगळं सांगितलं होतं. मी फक्त ‘दुखतंय’ या एका शब्दाची वाट बघत बसले.

आणि पित्त. हा शब्द आमच्याकडं कशालाही चालतो. खरं पित्त असतं ते बहुतेक वेळा खाण्याशी जोडलेलं असतं, आंबट पाणी वर येतं, आडवं पडलं की वाढतं. हृदयाचं दुखणं कष्टाशी जोडलेलं असतं, चढ चढताना, भरली घागर उचलताना, घाईघाईनं बस पकडताना येतं आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत कमी होतं. हा फरक शंभर टक्के पक्का नाही, पण चालताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं ‘पित्त’ हे पित्त नाही एवढं तरी लक्षात ठेवा. बसल्या जागी आलं, घामासकट आलं आणि पंधरा-वीस मिनिटं झाली तरी जात नाही, तर मग विचार करत बसायचंच नाही. शुगरवाल्या बायकांनी तर आणखी सावध, कारण जुन्या शुगरमुळं नसा बधिर होतात आणि अटॅक न दुखताच येऊन जातो, नुसती धाप आणि घाम.

इकडं सीमाभागात याच्यात आणखी एक भर. घरात मराठी, आणि रात्री दवाखान्यात ड्यूटीवर असणारा पोरगा डॉक्टर बंगळूर-म्हैसूरकडचा असला तर त्याला ‘कसंतरीच व्हायलंय’ म्हणजे काय ते कसं कळणार, शब्दकोशात बघूनही कळायचं नाही. तेव्हा तीन शब्द पाठ करा, पोरींना शिकवा: एदे नोवु म्हणजे छातीत दुखणं, उसिराट म्हणजे श्वास, बेवरु म्हणजे घाम. भाषेवरनं भांडायला बाकीचं आयुष्य आहे. सीमाप्रश्न २००४ सालापासनं सुप्रीम कोर्टात पडून आहे, छातीतल्या दुखण्याला तेवढी तारीख मिळत नाही.

ईसीजीची भीती हा तर एक स्वतंत्र विषय आहे. आमच्या गावात निम्म्या बायकांना वाटतं त्यात करंट देतात. करंट देत नाहीत, उलट तुमच्या हृदयाचाच जो बारीकसा करंट असतो तो ते मशीन कागदावर लिहून घेतं. मी स्वतः करून घेतला तेव्हा नीट बघितलं. दोन्ही मनगटांना आणि दोन्ही घोट्यांना कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे चिमटे, आणि छातीवर सहा ठिकाणी गार जेल लावून रबरी फुगा दाबून चिकटवतात, पहिले दोन छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना, आणि उरलेले डाव्या स्तनाच्या खालनं काखेपर्यंत. खरी अडचण इथं आहे. ब्लाऊजची हुकं काढायला लागतात, आणि समोर जर पुरुष टेक्निशियन असला तर आमची बाई म्हणते, "नको, बरं वाटायलंय आता." मग कुणीतरी ब्लाऊजवरनंच लावायचा प्रयत्न करतं, नाहीतर फुगे भलत्याच जागी लागतात आणि रिपोर्ट चुकतो. याला उपाय साधा आहे, सोबत एक बाईमाणूस आत न्यायचं, नर्सला बोलवा म्हणून सांगायचं, वरनं ओढणी घेऊन काम होतं. सगळं मिळून पाच मिनिटं. आणि एक महत्त्वाचं, पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही, अटॅकच्या सुरुवातीला कधी कधी तो नॉर्मलच दिसतो. त्रास चालू असेल तर थोड्या वेळानं परत काढायला सांगायचं, आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची टेस्ट असते, स्नायूला इजा झाली की ती वाढते, पण वाढायला काही तास लागतात म्हणून तीही परत करतात.

बायकांना धोका उशिरा का येतो आणि आल्यावर झपाट्यानं का वाढतो, त्याचं एक कारण पाळी. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला मदत करतं, म्हणून पुरुषांपेक्षा बायकांना अटॅक सरासरी सात ते दहा वर्षं उशिरा येतो. पाळी गेली की ते कवच जातं, कोलेस्टेरॉल वाढतं, बीपी वर जायला लागतं, पोटाचा घेर वाढतो. पण बाईच्या डोक्यात मात्र तोपर्यंत पक्कं झालेलं असतं की हार्टचं दुखणं बाप्या माणसांचं.

आणि मग गर्भाची पिशवी. उसाच्या पट्ट्यात असो की आमच्याकडं भाताच्या, पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका किती आहेत बघा. अंगावरनं जरा जास्त गेलं, पोरं झालीत आता, काढून टाका कटकट. काही वेळा गरज असतेच, गाठी असतात, कॅन्सरची शंका असते, त्याबद्दल बोलत नाही मी. पण पिशवीबरोबर दोन्ही ओव्हरी, म्हणजे अंडाशय, पण काढल्या की इस्ट्रोजेनचा कारखानाच बंद होतो, पाळी जायच्या कितीतरी वर्षं आधी, आणि हृदयाचा धोका तिथनंच मोजायला लागतो. बहुतेक जणींना ओव्हरी ठेवल्या की काढल्या हेच माहीत नसतं. डिस्चार्जचा कागद शोधा आणि कुणाकडनं तरी वाचून घ्या. त्यात ओव्हरी काढल्याचं लिहिलं असेल तर बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल दरवर्षी बघायचं, वय चाळीस असलं तरी.

तसंच बाळंतपणाचं. गरोदरपणात बीपी वाढलं होतं, पाय सुजले होते, झटके आले होते, नाहीतर शुगर वाढलेली, आणि बाळंत झाल्यावर सगळं नॉर्मल झालं म्हणून सगळे विसरले. शरीर विसरत नाही. गरोदरपणातलं ते वाढलेलं बीपी म्हणजे पुढं हृदयाच्या दुखण्याची शक्यता साधारण दुप्पट, आणि गरोदरपणातली शुगर पुढं परत यायची शक्यता फार. तुमचं ते तायी कार्ड असतं ना, आशाताई आणि नर्सबाई आकडे लिहायच्या ते, पोरगं शाळेत गेल्यावर रद्दीत जातं. जपून ठेवा. पन्नाशीत डॉक्टरांपुढं ठेवलं तर त्यातनं त्यांना बरंच कळतं.

तंबाखूचं सांगायचं तर आमच्या जिल्ह्यानं तंबाखूवर संसार केलेत. निपाणीचं नाव तर १९८१च्या तंबाखू आंदोलनानं सगळ्या महाराष्ट्र-कर्नाटकाला माहीत झालं, आणि तिथल्या वखारीत आणि विड्या वळण्यात बायकांच्या पिढ्या गेल्या. कुणी बाई तंबाखू खाते म्हटलं तर राग येतो पण मिसरीला तंबाखू समजतच नाहीत. तव्यावर भाजलेली काळी पूड, सकाळी दात घासायला, मग दुपारी जेवल्यावर, मग संध्याकाळी चुलीपुढं बसून, हिरडीत धरलेलं बोट अर्धा अर्धा तास निघत नाही. त्यातलं निकोटिन हिरडीतनं सरळ रक्तात जातं, ठोके वाढवतं, बीपी वाढवतं. मी विचारते तंबाखू खाता का, उत्तर येतं "छे गे, नुसती मिसरी लावतो." (आमच्याकडं बायका ‘लावतो, जातो, करतो’च म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.)

चुलीचा धूर पण त्याच माळेतला. गॅस घराघरात आलाय पण सिलिंडर महाग म्हणून आंघोळीचं पाणी, भाकरी, भात उकडणं अजून चुलीवरच, आणि पावसाळ्यात ओलं लाकूड. त्या धुरातले बारीक कण फुप्फुसातनं रक्तात उतरतात आणि वाहिन्यांच्या अस्तराला सूज आणतात. चूल सोडा असं दुकानात बसून सांगणं सोपं आहे, ज्याला परवडत नाही त्यानं काय करायचं, निदान चुलीच्या वरचं कौल काढून धुराला वाट करा आणि चूल दाराजवळ आणा.

मिठाबद्दल थोडक्यात. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. आपली भाकरी निर्दोष आहे, तिच्याबरोबरचा खर्डा, लोणचं, पापड, सुकं मासं यांच्यातच तो चमचा संपतो, आमटी अजून वाढायचीच आहे. कुंदा आणि करदंट या इकडच्या गोडांबद्दल मी काही बोलणार नाही, गावात राहायचंय मला.

वय झालेल्यांचंच दुखणं आहे असंही नाही. वीस-पंचवीसच्या पोरींत वेगळा प्रकार दिसतो, ‘वाल’चा, म्हणजे हृदयाच्या झडपेचा. लहानपणी पाच ते पंधरा वयात घसा वारंवार सुजतो, एका जंतूमुळं, मग सांधे सुजतात, आणि त्याच धुमाळीत हृदयाची झडप आतनं खराब होते. वर्षानुवर्षं काही कळत नाही. लग्न होतं, दिवस जातात, अंगात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि अरुंद झालेल्या झडपेतनं ते पुढं जाईना की पोरगी धापा टाकायला लागते, उशा लावून बसून झोपते. सासरचे म्हणतात अशक्त आहे, रक्त कमी आहे. रक्त कमी असतंच म्हणा, २०१९-२१च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांत रक्त कमी निघालं, म्हणून तर सगळं त्याच खात्यावर टाकलं जातं. टॉनिकच्या दोन बाटल्या संपल्या तरी धाप तशीच असेल तर छातीला नळी लावून कुणीतरी नीट ऐकलं पाहिजे आणि एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली पाहिजे. झडपेचं निदान झालेल्या पोरींना तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायला सांगतात, ते लग्न झालं म्हणून बंद करायचं नसतं.

आणि धसका. आपल्याकडं म्हणतात ना, पोराचं ऐकलं आणि तिनं हाय खाल्ली. मला वाटायचं हे आपलं बोलायची पद्धत. १९९०च्या सुमारास जपानमधल्या डॉक्टरांनी एक आजार लिहून ठेवला, अचानक दुःख किंवा भीती बसली की हृदयाचा खालचा भाग फुग्यासारखा फुगतो आणि आकुंचन पावत नाही, दुखणं हुबेहूब अटॅकचं, ईसीजी पण तसाच, पण अँजिओग्राफीत वाट मोकळी. त्याला ताकोत्सुबो म्हणतात, जपानी कोळी ऑक्टोपस धरायला जे मडकं वापरतात त्याच्या आकारावरनं. आणि हे होतं मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांना. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचेच असतात आणि बाहेरनं बघून हा धसका की खरा अटॅक हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा मयताच्या घरी कुणी छाती धरून बसली तर कांदा हुंगवत बसू नका, दवाखान्यात न्या.

नेताना काय करायचं. १०८ला, म्हणजे सरकारी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन. जांबोटी-कणकुंबीकडं पावसात रेंज पण नसते आणि गाडी यायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, मग जी मिळेल ती गाडी, पण पेशंटनं स्वतः गाडी चालवायची नाही आणि मोटरसायकलवर मधे बसवून तर नाहीच. अ‍ॅस्पिरिनची ३०० मिलीग्रॅमची गोळी चावून खायला सांगतात कारण ती गुठळी वाढू देत नाही, पण अल्सर, रक्तस्राव किंवा त्या गोळीची अ‍ॅलर्जी असेल तर नाही, १०८वर किंवा डॉक्टरांना फोनवर विचारून द्या. हृदयाच्या पेशंटला जिभेखाली ठेवायला देतात ती गोळी शेजाऱ्याची आहे म्हणून द्यायची नाही, बीपी एकदम पडतं.

कुठं न्यायचं यावर आमच्याकडं घरात अर्धा तास मीटिंग होते. निपाणीवाले कोल्हापूर म्हणतात, अथणी-कागवाडवाले मिरज, आम्ही बेळगाव. मोठ्या दवाखान्याला जायचंच आहे, पण आधी जवळच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढा. पुनीत राजकुमार, म्हणजे आपला अप्पू, २९ ऑक्टोबर २०२१ला ४६व्या वर्षी गेला, त्याच्या नावानं कर्नाटक सरकारनं हृदय ज्योती योजना काढलीय. त्यात तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढतात, तो मोठ्या सेंटरच्या डॉक्टरांना पाठवतात, आणि गरज असली तर गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेस नावाचं महागडं इंजेक्शन फुकट देतात. हे इंजेक्शन जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या तीन तासांत सगळ्यात उपयोगी, बारा तासांनंतर जवळजवळ नाहीच. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ते आहे का, हे आज विचारून ठेवा. त्या योजनेवर फोटो अप्पूचा आहे म्हणून की काय, माझ्याकडं चौकशी करतात ते सगळे पुरुष.

जगात बायका सगळ्यात जास्त कशानं मरतात विचारलं तर सगळे म्हणतात कॅन्सर. खरं उत्तर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार, पक्षाघात धरून, २०१९च्या आकड्यांनुसार साधारण दर तीन मृत्यूंत एक. आणि हे न कळणं फक्त आमच्या खेड्यातलं नाही. १९६४ साली अमेरिकेत खास बायकांसाठी हृदयरोगावर परिषद भरवली होती, हजारो बायका आल्या, आणि विषय काय, तर नवऱ्याचं हृदय कसं सांभाळायचं. वाचून मला माझा काउंटर आठवला.

म्हणून यंदा मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या द्यायचं बंद केलं आणि बीपीचं मशीन, शिंपिणीकडनं मागून आणलेली टेप आणि एक वही घेऊन बसले. टेप पोटाला, परकराची नाडी सैल करून, ८० सेंटीमीटरच्या वर म्हणजे साडेएकतीस इंचाच्या वर गेली तर वहीत खूण. बीपी घ्यायचं तर पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, आधी अर्धा तास चहा नाही आणि मिसरी नाही. पाच मिनिटं गप्प बसवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. दुसरी अडचण ब्लाऊजची, सणाचे घट्ट बाह्यांचे ब्लाऊज, बाही वर सरकवली की दंडाला दोरी बांधल्यागत होतं आणि आकडा चुकतो, म्हणून आतल्या खोलीत पडदा लावून बाहीतनं हात काढायला लावला.

काकूपण आल्या होत्या, त्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या मागनं त्यांच्या जाऊबाई, आयुष्यात एकदाही बीपी न बघितलेल्या, हसत हसत बसल्या. १७२ आणि १०४.

"तुझं मशीन बिघडलंय," म्हणाल्या.

मी म्हटलं बसा जरा, दुसऱ्या हाताला लावते. दुसऱ्या हाताला १६८. त्यांनी मशीन उलटं करून बघितलं, माझ्या हाताला लावायला लावलं, माझं १२४ आलं. मग काकूंच्या हाताला लावायला लावलं, १३०. बाहेर तिळगूळ वाटून झाला होता, पोरी जायची घाई करत होत्या. जाऊबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि पायरीवरनं वळल्या.

"उद्या सकाळच्या बसनं जायचं म्हटलं तर डॉक्टर असतात काय गे? बायकांना बस तर फुकटच आहे."